चार्ल्स्टन पहिल्यांदा बघायला निघालात? आधी हे वाचून घ्या

साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला मी आतापर्यंत चार वेळा जाऊन आले. पहिल्या खेपेला रंगीत घरांचे फोटो काढले, घोडागाडीत बसले, किंग स्ट्रीटवर खरेदी केली आणि दोन दिवसांत शार्लटला घरी परतले. शहर फार देखणं आहे, एवढंच तेव्हा कळलं. हे सगळं कोणी बांधलं, कोणाच्या पैशावर उभं राहिलं, हा प्रश्न मला पडलाच नाही. दुसऱ्या खेपेला आई-बाबा बरोबर होते. तेव्हा योगायोगाने आधी म्युझियम झालं आणि मग घरं. क्रम बदलला तशी तीच घरं वेगळी दिसायला लागली.

म्हणून या लेखात फक्त काय बघायचं ते नाही, कोणत्या क्रमाने बघायचं तेही सांगते आहे. भारतातून मुलांकडे आलेले आई-वडील, इथे शिकणारी मुलं, अटलांटा-शार्लटकडचे आपले लोक, सगळ्यांना उपयोगी पडेल असं बघितलं आहे. तीन दिवस हाताशी असतील तर उत्तम, दोन दिवसांतही जमतं.

१. तारीख ठरवताना हवा बघा, वार बघा आणि भरतीही बघा

मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत अझेलिया फुललेल्या असतात आणि हवा सुखाची असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरही छान. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र मे महिन्यातलं रत्नागिरी आठवेल: ऊन, दमटपणा आणि घामाच्या धारा. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हे दोन महिने टाळाच. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. वादळ दर वर्षी येतंच असं नाही, पण या काळात हॉटेल घेताना पैसे परत मिळणारं बुकिंगच घ्या. १९८९ च्या सप्टेंबरात आलेल्या ह्यूगो वादळाच्या गोष्टी इथले लोक अजून सांगतात.

दोन गोष्टींनी हॉटेलांचे दर एकदम चढतात. एक म्हणजे मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला होणारा स्पोलेटो हा कला-महोत्सव. दुसरी म्हणजे वसंतात एका शनिवारी होणारी पुलावरची मोठी शर्यत. त्या सकाळी माउंट प्लेझंटहून शहरात येणारा मोठा पूल गाड्यांना बंद असतो. तारखा आधी तपासा.

वाराचंही भान ठेवा. आफ्रिकन अमेरिकन म्युझियम सोमवारी बंद असतं आणि ओल्ड स्लेव्ह मार्ट म्युझियम रविवारी. म्हणजे रविवार-सोमवार असा बेत केलात तर दोन्ही एकाच दिवशी बघता येणार नाहीत. गुरुवार ते शनिवार सगळ्यात सोयीचं.

आणि भरती. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. जुनं शहर अ‍ॅशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या भूशिरावर आहे, आणि त्यातला बराच भाग खाड्या-ओढे बुजवून केलेला आहे. आज जिथे मार्केट स्ट्रीट आहे तिथे पूर्वी खाडीचा फाटा होता. उधाणाची भरती आली की पाणी आपली जुनी वाट धरतं आणि गटारांतून उलटं रस्त्यावर येतं. पाऊस नसताना, लख्ख उन्हातही येतं. बंदरातली भरतीची पातळी ७ फुटांवर जाणार असेल तर सखल रस्त्यांवर पाणी येणार असं समजा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, आणि त्यातही शरद ऋतूत, हे जास्त होतं. कोकणात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक उघडा, भरतीच्या वेळी सखल रस्त्यावर गाडी लावू नका. ते पाणी खारं असतं. आमच्या गाडीची चाकं निम्मी पाण्यात गेली होती, आणि मग महिनाभर ब्रेकचा आवाज येत होता.

२. तिकीट काढताना, आणि बरोबर काय घ्यायचं

पहिला सापळा नावाचा. चार्ल्स्टन नावाचं आणखी एक शहर वेस्ट व्हर्जिनियात आहे, त्या राज्याची राजधानीच आहे ती, आणि तिथेही विमानतळ आहे. आपल्याला हवा त्या विमानतळाचा कोड सीएचएस. तिकिटावर साउथ कॅरोलायना लिहिलंय ना, हे पैसे भरण्याआधी दोनदा बघा. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याने चुकीचं तिकीट काढलं होतं आणि ते बदलायला त्यांना चांगलाच भुर्दंड पडला.

विमानतळ आणि रेल्वे स्टेशन दोन्ही नॉर्थ चार्ल्स्टनमध्ये आहेत, जुन्या शहरात नाहीत. तिथून टॅक्सी किंवा उबर करावी लागते. गाडीने येत असाल तर शार्लटहून साधारण साडेतीन तास, अटलांटाहून पाच, सव्हानाहून दोन.

बरोबर ठेवायची कागदपत्रं आणि वस्तू:

– भारतातून आलेल्यांनी पासपोर्ट, व्हिसा आणि आय-९४ ची (अमेरिकेत आल्याच्या नोंदीची) छापील प्रत. देशांतर्गत विमानातही ओळखपत्र म्हणून पासपोर्टच चालतो.
– इथे राहणाऱ्यांनी रिअल आयडीवालं लायसन्स बघून घ्यावं. मे २०२५ पासून विमानाला साधं लायसन्स पुरत नाही.
– गाडी भाड्याने घ्यायची असेल तर भारतातलं लायसन्स, निघण्याआधी आरटीओतून काढलेला इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, आणि जो चालवणार त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड.
– प्रवासी विम्याचा कागद. आई-वडिलांसाठी तर हवाच.
– रुळलेले, चांगल्या तळव्याचे बूट. नवे कोरे बूट किंवा सपाता घालून इथल्या फरसबंद गल्ल्यांत चालू नका.
– पाण्याची बाटली, टोपी, डासांचं मलम, छोटी छत्री.
– म्युझियमच्या तिकिटांचे स्क्रीनशॉट. काही ठिकाणी भिंती जाड आहेत, नेटवर्क जातं.
– टिपसाठी एक आणि पाच डॉलरच्या सुट्या नोटा.

३. राहायचं कुठे, गाडी कुठे लावायची

जुन्या शहरात राहिलात तर सगळं चालत होतं, पण खिशाला झळ बसते. माउंट प्लेझंट, वेस्ट अ‍ॅशली किंवा नॉर्थ चार्ल्स्टनला राहून रोज सकाळी आत येणं परवडतं. हॉटेल बुक करताना पार्किंग वेगळं आकारतात का ते विचारा. जुन्या शहरातल्या हॉटेलांत ती रक्कम बिलात शेवटी दिसते आणि तोंडचं पाणी पळतं.

रस्त्यावर पार्किंग शोधत फिरू नका. जुन्या वस्तीत बऱ्याच जागा रहिवाशांसाठी राखीव असतात आणि दंडाची चिठ्ठी लगेच येते. मीटिंग स्ट्रीटवरच्या व्हिजिटर सेंटरजवळच्या गॅरेजमध्ये गाडी लावा आणि तिथून डॅश नावाची मोफत बस घ्या. नकाशे, स्वच्छतागृह, माहिती देणारी माणसं, सगळं त्याच सेंटरमध्ये आहे.

४. पहिली सकाळ गॅड्सडेन वॉर्फवर

इथूनच सुरुवात करा असा माझा आग्रह आहे. अमेरिकेच्या भूमीवर गुलाम म्हणून आणल्या गेलेल्या आफ्रिकन माणसांपैकी साधारण चाळीस टक्के माणसं चार्ल्स्टनच्या बंदरातून आली असं मानतात. गॅड्सडेन वॉर्फ हा त्यातला एक मोठा धक्का. १८०८ मध्ये माणसांची आयात कायद्याने बंद झाली, त्याआधीच्या काही वर्षांत तर इथे जहाजांची रीघ लागली होती. त्याच जागेवर जून २०२३ मध्ये इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम सुरू झालं.

इमारत जमिनीवर नाही. अठरा खांबांवर, तेरा फूट उंच उचललेली आहे, जमीन मोकळी राहावी म्हणून. तिकीट दाखवून घाईने वर जाऊ नका, आधी खालच्या मोकळ्या जागेत थांबा. तिथे फरशीवर माणसांच्या आकृत्या कोरल्या आहेत, जहाजाच्या तळाशी माणसं जशी दाटीने निजवत तशाच, खांद्याला खांदा. त्यांच्यावरून पाण्याचा पातळ थर येतो आणि ओसरतो. पाणी चढलं की आकृत्या पुसट होतात, उतरलं की पुन्हा दिसतात. आई तिथे काठावर बराच वेळ उभी होती. तिला इंग्रजी फारसं येत नाही, पण तिथे एक शब्दही वाचावा लागला नाही.

तिकीट वेळेच्या खिडकीप्रमाणे असतं, ऑनलाइन आधी काढा, शक्यतो सकाळचं पहिलं. आतमध्ये दोन-अडीच तास धरा. साउथ कॅरोलायनाच्या भातशेतीचं दालन चुकवू नका. पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या भागातल्या लोकांना भरती-ओहोटीवर शेत कसं भिजवायचं ते ठाऊक होतं. लाकडी दरवाजे बांधात बसवून, भरतीला वर चढलेलं नदीचं गोडं पाणी आत घ्यायचं आणि ओहोटीला सोडायचं. गोव्याच्या खाजणातली मानस (बांधातलं पाण्याचं दार) पाहिली असेल तर हे लगेच कळेल, फक्त तिथे खारं पाणी बाहेर ठेवायचं असतं आणि इथे गोडं आत घ्यायचं. हे ज्ञान ज्यांचं होतं, त्यांना विकत घेऊन, चिखलात राबवून इथल्या जमीनदारांनी कॅरोलायना तांदूळ जगभर विकला. पुढे तुम्हाला जी टोलेजंग घरं दिसतील, ती या तांदळावर, निळीवर आणि कापसावर उभी राहिली.

५. चाल्मर्स स्ट्रीट आणि मदर इमॅन्युएल

म्युझियममधून निघून जेवण करा, थोडं टेका, आणि मग चाल्मर्स स्ट्रीट. गोल दगडांची ही गल्ली फोटोत फार सुंदर दिसते. व्हीलचेअर किंवा बाबागाडी मात्र तिच्यावर चालत नाही, बाजूच्या फुटपाथवरून जा.

या गल्लीत ओल्ड स्लेव्ह मार्ट म्युझियम आहे. १८५६ पर्यंत माणसांचे लिलाव उघड्यावर, ओल्ड एक्स्चेंज इमारतीच्या शेजारी होत. शहराने ते रस्त्यावर करायला बंदी घातली, म्हणून ते आत, अशा बाजारांत सुरू झाले. १८५९ ची ही इमारत अशाच एका बाजाराचा लिलावाचा दालन-भाग आहे. मागे माणसांना कोंडून ठेवायची चार मजली इमारत, स्वयंपाकघर आणि प्रेतं ठेवायची खोलीही होती. म्युझियम लहान आहे, वाचायला भरपूर आहे, तासभर लागतो. आत फोटो काढू देत नाहीत. लहान मुलं असतील तर आधी त्यांच्याशी दोन शब्द बोलून घ्या.

इथे एक गैरसमज दूर करते. मोठं सिटी मार्केट, जिथे सगळे पर्यटक जातात, ते गुलामांचा बाजार नव्हतं. तिथे मांस, मासे, भाजी विकली जायची. बरेच जण ही गल्लत करतात, मीही केली होती.

चालण्याची ताकद असेल तर कॅल्हून स्ट्रीटवरचं इमॅन्युएल एएमई (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) चर्च, ज्याला सगळे मदर इमॅन्युएल म्हणतात, ते बाहेरून बघा. डेन्मार्क व्हेसी हा या मंडळीतला माणूस. १७९९ मध्ये लॉटरीत जिंकलेल्या पैशांतले ६०० डॉलर मोजून त्याने स्वतःला गुलामगिरीतून सोडवून घेतलं, आणि १८२२ मध्ये गुलामांच्या उठावाच्या कटावरून त्याला फाशी दिलं. त्याच्यासह पस्तीस जण गेले. चर्च पाडलं गेलं आणि मग कित्येक वर्षं लोक लपून प्रार्थना करत. आजची पांढरी इमारत १८९१ ची. १७ जून २०१५ च्या संध्याकाळी बायबल वाचायला बसलेल्या नऊ जणांना इथेच एका वर्णद्वेष्ट्याने गोळ्या घातल्या. लोक इथे अजूनही रोज येतात, फुलं ठेवतात. दारात उभं राहून हसरे सेल्फी काढू नका, एवढीच विनंती.

६. आता घरं बघा

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर ईस्ट बे स्ट्रीटवर जा. रेनबो रो म्हणजे एका रांगेतली तेरा रंगीत घरं. त्यांची तोंडं पूर्वेला आहेत, त्यामुळे फोटोसाठी सकाळचं ऊन हवं. दुपारनंतर गेलात तर दर्शनी बाजू सावलीत जाते. तिथून दक्षिणेला चालत बॅटरीपर्यंत (टोकाशी असलेला पाण्याकाठचा बांध आणि बाग), मग आतल्या गल्ल्यांतून चर्च स्ट्रीट, ट्रॅड स्ट्रीट असं फिरत या.

इथल्या घरांची एक ठेवण ओळखायला शिका, मग चालण्यात मजा येते. त्याला सिंगल हाउस म्हणतात. घराची अरुंद बाजू रस्त्याकडे असते आणि लांबीभर एका कडेला पडवी, दक्षिणेला किंवा पश्चिमेला, वारा मिळावा म्हणून. तिला ते पियाझा म्हणतात. गंमत अशी की रस्त्यावरचं मुख्य दार उघडलं की माणूस घरात जात नाही, पडवीत जातो. पडव्यांची छतं बऱ्याच ठिकाणी फिकट निळी दिसतील. भुताखेतांनी घरात येऊ नये म्हणून हा रंग, ही गला लोकांची समजूत. गला-गीची म्हणजे या किनाऱ्यावरच्या आफ्रिकन वंशाच्या लोकांचा समाज, त्यांची स्वतःची भाषा आहे.

भिंतींवर लोखंडी चकत्या दिसतात, कुठे गोल, कुठे फुलीसारख्या, कुठे सिंहाचं तोंड. ती शोभा नाही. ३१ ऑगस्ट १८८६ च्या भूकंपानंतर भिंती एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून घरांतून आरपार सळ्या घातल्या, त्यांची ही टोकं.

ही घरं राहती आहेत. फाटकातून डोकावायला हरकत नाही, आत पाऊल टाकू नका.

आतून एकच घर बघायचं असेल तर एकेन-रेट हाउस बघा. नेथॅनियल रसेल हाउसचा अधांतरी वाटणारा गोल जिना अप्रतिम आहे, नाही म्हणत नाही. पण एकेन-रेट नव्याने सजवलेलं नाही. कागद सुटलेल्या भिंती, उडालेला रंग, जसं मिळालं तसं जपलंय. आणि मागच्या अंगणात स्वयंपाकघर, धुणीघर, तबेला, वर घरातल्या गुलामांच्या खोल्या, सगळं जागच्या जागी आहे. पुढच्या दिवाणखान्यातून मागच्या खोलीत चालत जायला दोन मिनिटंही लागत नाहीत. कानाला लावून ऐकायची ध्वनिफीत मिळते, आपल्या गतीने बघता येतं.

घोडागाडीबद्दल: गाडीचा मार्ग तुम्हाला निवडता येत नाही, गाडीवाल्यालाही नाही. एकाच भागात गर्दी होऊ नये म्हणून शहराच्या चौकीवर सोडत काढतात आणि त्यातून भाग ठरतो. रेनबो रो बघायची म्हणून पैसे भरले आणि गाडी भलतीकडेच गेली, असं होऊ शकतं. गुडघे दुखत असतील तर बसा, नाहीतर चालत जाणारी टूर घ्या. टूर घेण्याआधी एक प्रश्न विचारा: यात गुलामगिरीबद्दल किती सांगता? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी टूर बघा. गाइडला पंधरा-वीस टक्के टिप द्यायची पद्धत आहे.

७. सिटी मार्केटमधल्या टोपल्या

मार्केटमध्ये टी-शर्ट, चुंबकं, मसाले सगळं मिळतं. थांबायचं ते टोपल्या विणणाऱ्या बायकांपाशी. स्वीटग्रास नावाच्या सुवासिक गवताची वेटोळी करत, ताडाच्या जातीच्या पॅल्मेटोच्या पट्टीने ती बांधत जातात. हत्यार एकच, चमच्याचा घासून टोकदार केलेला दांडा. ही विणकाम-कला पश्चिम आफ्रिकेतून आली आणि आईकडून मुलीकडे गेली.

आईने एक रुंद, उथळ, गोल टोपली उचलली आणि म्हणाली, "हे सूप आहे." खरंच तसं आहे. भात कांडून झाल्यावर पाखडायला हीच टोपली वापरायचे, आणि कांडायला उखळ-मुसळ. मी ते विणणाऱ्या आजींना सांगितलं, तर त्यांनी टोपली हातात घेऊन पाखडून दाखवली. आईनेही दाखवली. दोघींचा मनगटाचा झटका सारखाच होता.

किमती ऐकून दचकू नका. तळहाताएवढीही काही दहा डॉलरला मिळत नाही, मोठ्या शेकडो डॉलरच्या असतात. एकेका टोपलीला दिवस-आठवडे लागतात. घासाघीस करू नका. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. न घेता नुसतं बघितलं तरी कोणी काही म्हणत नाही.

८. मळा निवडताना

शहराबाहेर प्लांटेशन म्हणजे जुन्या जमीनदारांचे मळे आहेत. मॅग्नोलिया, मिडलटन प्लेस, ड्रेटन हॉल, बून हॉल, आणि मॅक्लाउड. वेळ एकाचाच असेल तर माझं मत स्पष्ट आहे: मॅक्लाउड.

आम्ही आधी एका दुसऱ्या मळ्यावर गेलो होतो. तिथल्या फेरीत तासभर फुलझाडं, चांदीची भांडी आणि मालकांची लग्नं ऐकली. बाबांनी शेवटी विचारलं, शेतात काम कोण करायचं? "मजूर," एवढंच उत्तर मिळालं. फार वाईट वाटलं. त्यामुळे कुठेही गेलात तरी गुलामांच्या जीवनावरची वेगळी फेरी आहे का ते तिकीट काढताना विचारा, आणि असेल तर तीच आधी घ्या.

मॅक्लाउड जेम्स आयलंडवर आहे, जुन्या शहरातून पंधरा मिनिटं. इथे लांब धाग्याचा सी आयलंड कापूस पिकवत. मालकाच्या घराकडे जाणाऱ्या ओकच्या रांगेत लाकडी खोपटी उभी आहेत, गुलामांची. त्यातल्या काही खोपटांत थेट १९९० च्या सुमारापर्यंत लोक राहत होते. इथली फेरीच मुळी राबणाऱ्या माणसांपासून सुरू होते.

इथल्या विटा जवळून बघा. ओली वीट साच्यातून काढताना, वाळत घालताना हाताळणाऱ्याची बोटं तिच्यावर उमटली आणि तशीच भाजली गेली. हे काम बऱ्याचदा मुलं करायची. बाबांनी आयुष्यभर बांधकामावर सुपरवायझर म्हणून काम केलंय, वीट म्हणजे त्यांच्या रोजच्या हातातली गोष्ट. गाइडने ठसा दाखवला तसे ते वाकले, चष्मा वर केला, आणि आपलं बोट ठशाच्या अगदी जवळ नेलं, टेकवलं नाही. ठशातल्या खळग्यापेक्षा बाबांचं बोट जवळजवळ दुप्पट रुंद होतं. "सात-आठ वर्षांचं असेल," ते म्हणाले. मग गाडीत बसेपर्यंत ते काही बोलले नाहीत.

तिथून पुढे जॉन्स आयलंडवर एंजल ओक नावाचं महाप्रचंड झाड आहे. फांद्या जमिनीला टेकून पुन्हा वर गेल्यात, सावली सतरा हजार चौरस फुटांहून जास्त. तिकीट नाही. संध्याकाळी लवकर बंद होतं, म्हणून मळ्यानंतर लगेच जा. फांद्यांवर बसू देत नाहीत.

९. फोर्ट सम्टर: वेळ असेल तर

१२ एप्रिल १८६१ च्या पहाटे साडेचारला या किल्ल्यावर पहिला गोळा पडला आणि अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं. किल्ला बंदराच्या तोंडाशी बेटावर आहे, होडीनेच जावं लागतं. लिबर्टी स्क्वेअर किंवा पेट्रियट्स पॉइंटहून होडी सुटते, जाऊन-येऊन सव्वादोन तास. वर सावली नाही. वारा जोरात असतो, टोपी उडते. वसंतात तिकिटं आधीच संपतात.

होडीतून परतताना बंदराकडे बघत रॉबर्ट स्मॉल्सची गोष्ट मुलांना सांगा. गुलाम असलेला तेवीस वर्षांचा हा खलाशी. १३ मे १८६२ च्या पहाटे, गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपलेले असताना, त्याने प्लँटर नावाचं जहाज सोडवलं, बायकामुलांना आणि सोबत्यांना घेतलं, कप्तानाची टोपी डोक्यावर चढवली आणि याच फोर्ट सम्टरसमोरून, ठरलेल्या शिट्ट्या बिनचूक वाजवत, जहाज दक्षिणेशी लढणाऱ्या उत्तरेच्या राज्यांच्या आरमाराकडे नेलं. पुढे तो अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला.

१०. खायचं काय

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. श्रिंप अँड ग्रिट्स इथलं प्रसिद्ध. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, मऊ शिजवलेल्या, वर कोळंबी.

शाकाहारी असाल तर डोळे उघडे ठेवून मागवा. इथे 'भाजी' म्हणून जे येतं त्यात डुकराचं मांस असू शकतं. कोलार्ड नावाचा पाला हॅमच्या हाडाबरोबर शिजवतात. हॉपिन जॉन म्हणजे चवळीसारख्या कडधान्याचा भात, त्यात बेकन असतं. रेड राइसमध्ये सॉसेज. ग्रिट्स कोंबडीच्या पाण्यात शिजवलेल्या असू शकतात. नुसतं "व्हेजिटेरियन आहे का?" विचारून भागत नाही. बेकन, हॅम, लार्ड (डुकराची चरबी) आणि चिकन स्टॉक या चारही गोष्टींची नावं घेऊन विचारा.

बिनधास्त खाण्यासारखं: तळलेली भेंडी, मात्र तेल वेगळं आहे का ते विचारून. भेंडीही इथे आफ्रिकेतूनच आली. आणि बेने वेफर्स. बेने म्हणजे तीळ, हा शब्दही आफ्रिकेतून आलेला. तिळाच्या पातळ, कुरकुरीत, गोड चकत्या. आईने दोन पाकिटं संक्रांतीला वाटायला म्हणून घेतली.

११. परत निघताना

शेवटच्या दिवशी दुपारच्या आधी शहर सोडा. संध्याकाळी आय-२६ हायवेवर गाड्या तुंबतात. भाड्याच्या गाडीत पेट्रोल विमानतळाजवळ भरायचं असेल तर वीस मिनिटं जास्त धरा.

शार्लट-अटलांटाकडे जाणाऱ्यांनी हायवेला लागण्याआधी रस्त्याकडेला 'बॉइल्ड पीनट्स' अशी हाताने लिहिलेली पाटी शोधा. मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात शिजलेल्या शेंगा. तिखट मसाल्याच्याही असतात, पण साध्याच घ्या. पिशवी गळते, म्हणून खाली दुसरी पिशवी धरा. टरफलांसाठी रिकामा डबा आणि हात पुसायला ओला रुमाल आधीच काढून ठेवा. बाबांनी मोठी पिशवी मागितली होती, मी छोटी घेतली. वाटेतलं कोलंबिया शहर यायच्या आत संपली.